चूल धुपली, बोभाटा सुनेचा झाला

मी दिंद्रुडच्या रुक्मिणीबाईंची चूल. जरा लांबच बसा, बोलायच्या भरात धूर व्हायचा. गॅसबाई आत ओट्यावर असतात, मी मागच्या अंगणात पत्र्याखाली. चहा त्यांच्याकडे, भाकरी माझ्याकडे. घरचा मुलगा सत्यम गॅसवरच्या भाकरीला नाक मुरडतो ना, तेव्हा माझ्या जिवाला लई बरं वाटतं.

रुक्मिणीबाईंनी मला स्वतःच्या हातानं घातलं. तलावातली काळी माती, भुसा, थोडी राख, सगळं तुडवून तुडवून लोण्यासारखं मऊ केलं. वाळल्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मगच काडी लावली. तेव्हापासून रोज सकाळी, मी गार असताना, त्यांचा मातीचा हात माझ्यावरून फिरायचा. सणाला तर दोनदा. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात लोक, पण माझ्याइतकी गुळगुळीत एक दाखवा की!

मग रुक्मिणीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धुरापाशी बसायचं नाही, असा डॉक्टरांनी दम भरला. त्याच सुमाराला सत्यमचं लग्न झालं आणि युसूफ वडगावची शिवकन्या सून म्हणून माझ्यापुढं येऊन बसली. पोरगी गुणाची. भाकरी अशी फुगवते की बघत राहावं.

पण मी धुपायला लागले. जाळ कमी, धूरच जास्त. शिवकन्या फुंकणी फुंकून दमायची. डोळे लाल, नाकाला पदर. कापसाच्या पऱ्हाट्या बदलून झाल्या, गोवऱ्या फोडून घातल्या, पण फरक पडेल तर शपथ. खरं दुखणं तिला आठ-पंधरा दिवसांतच कळलं होतं. पण सासूनं घातलेल्या, सासूनं रोज सारवलेल्या चुलीला नव्या सुनेनं खोट काढायची कशी? सत्यमनं विचारलं की म्हणायची, "सरपण वलं हाय."

शेजारच्या बायडाबाईंना भिंतीवरून शिवकन्येचं तोंड दिसायचं, मी दिसत नव्हते. घोळ तिथंच झाला. डोळे पुसणारी सून त्यांनी पाहिली आणि एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, सांगून टाकलं, "नवी सून रोज चुलीपुढं बसून रडती बाई. सासू लई जाच करती." अशा गोष्टीला पसरायला काय लागतं! बातमी युसूफ वडगावला पोचली.

दुसऱ्याच दिवशी शिवकन्येचे वडील भगवानराव दारात उभे. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पोरी, पिशवी भर. चल."

"कावून अप्पा? काय झालं?"

"मलाच इचारती? समदे सोयरे सांगायलेत, तू रोज रडायलीस म्हणून!"

रुक्मिणीबाईंचा चेहरा उतरला. "आमी काय जाच केला व्याही? इचारा तिलाच."

"अप्पा, देवाशपथ न्हाई. धुरानं डोळे चुरचुरतात."

"धुरानं म्हणं! माणसं झाकायला धूर बरा हाय!"

मी तोंड असून मुकी. माझ्यापायी सोन्यासारखी सून घराबाहेर चालली होती आणि मला एक अक्षर बोलता येईना. अस्सा राग आला स्वतःचा!

रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले. "न्यायची तर न्या. पण माझ्या दारातून व्याही उपाशी जायचा न्हाई." आणि काळा चष्मा सावरत त्या स्वतःच माझ्यापुढं बसल्या.

भगवानराव तापट असले तरी माणूस भला. "अवो इहीणबाई, सरा तिकडं. ऑपरेशन झालंय ना डोळ्याचं? द्या ती फुंकणी." ते उकिडवे बसले आणि छातीभर वारा भरून फुंकले. मी काय करणार? होता नव्हता तेवढा धूर त्यांच्या तोंडावर सोडला. ठसका लागला. डोळ्यातलं पाणी मिशांवरून हनुवटीपर्यंत आलं.

तेवढ्यात भिंतीवर बायडाबाईंचं डोकं उगवलं. "अगं बया! ह्या घरात तर व्याही बी रडायलाय!"

मग रुक्मिणीबाई फसकन हसल्या, आणि खोकता खोकता भगवानरावही. त्या हसण्याच्या आडोशानं शिवकन्या बोलली, "आत्याबाई, राग धरू नका. चुलीचं तोंड लई बारीक झालंय. रोजच्या सारवणाचे थर बसलेत. वाऱ्याला आत जायला वाट न्हाई."

जळती लाकडं बाहेर ओढली, मला निवू दिलं आणि रुक्मिणीबाईंनी माझ्या तोंडात हात घातला. पूर्वी बांगड्यांसकट कोपरापर्यंत जायचा, आता मनगटापाशीच अडकला.

"मायेनंच गळा आवळला की गं तुझा," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की सुनेला, कोण जाणे. मग शिवकन्येकडं वळल्या. "इतके दिस बोलली कावून न्हाईस?"

"तुमची चूल हाय म्हणून."

"माझी कशाची? जी फुंकती तिची चूल. आण खुरपं."

शिवकन्येनं पाण्याचा हात लावून थर खरवडले, खालची साठलेली राख उपसली. दुखलं, खोटं कशाला बोलू. पण वाळलेल्या तुराट्या घातल्या आणि भस्सकन जो जाळ झाला! किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

भगवानराव पिठलं-भाकरी जेवले. पिशवी पुन्हा खुंटीला गेली. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकदम तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. "लई धूर करती बुवा तुमची चूल," म्हणाले. तेव्हा माझ्यातून धुराची रेघसुद्धा निघत नव्हती.

आता मी धुपत नाही. शिवकन्या सारवते, पण आधी जुना थर खरवडते. भगवानराव अधूनमधून येतात, जाताना डोळे पुसतात आणि माझंच नाव सांगतात.

तर बाबांनो, चूल धुपली की राख काढा, सरपण वाळवा, तोंड मोकळं करा आणि तिच्यापुढं बसणारीला आधी विचारा. धूर घालवा सगळा. फक्त लेकीच्या बापाचा तेवढा धूर माझ्या नावावर राहू द्या.