प्लायवुडच्या पेटीतला कॉम्प्युटर

सकाळचे ऊन आधी समोरच्या गच्चीवरील टाकीला टेकले, तिथून सावकाश घसरत खिडकीच्या गजांपाशी आले, जरा घुटमळले आणि पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्यासारखे संकोचत फरशीवर उतरले; त्यात धुळीचे कण असे निवांत तरंगत होते, जणू त्यांना कुठेच पोहोचायचे नव्हते. धूळ ही मदरबोर्डाची वैरीण, म्हणून धाकट्याने पडदा ओढून घेतला.

अकरा वाजता ताईची नोकरीची परीक्षा होती. नोकरी दूरच्या शहरातली. परीक्षा मोबाइलवर चालत नव्हती. घरातला धडधाकट कॉम्प्युटर धाकट्याने दोन महिन्यांपूर्वी 'जरा आतून बघायला' उघडला होता आणि तेव्हापासून तो आतूनच बघितला जात होता. आता त्याच्यासाठी प्लायवुडची नवी पेटी झाली होती. ताई मैत्रिणीकडे जाऊन परीक्षा देणार होती, पण 'घरात मी असताना?' असे म्हणून त्याने तिला अडवले होते. ताई कुणाच्या तरी बोलण्याला भुलून चालली आहे, असे त्याचे ठाम मत होते. कुणाच्या, ते अजून ठरायचे होते.

"आई, नायलॉनचा गाऊन घालून जवळ येऊ नकोस. अंगातल्या विजेने बोर्ड जळतो."

"माझ्या अंगात वीज असती तर एव्हाना बिल आलं असतं."

अंगातली वीज उतरवणारा पट्टा त्याने मनगटाला बांधला होता. त्याच्या तारेचा चिमटा धातूला लावायचा असतो. धाकट्याने तो टेबलाच्या पायाला लावला होता.

"लाकडाला का बांधून घेतलंयस?" ताईने विचारले. "पळून जाशील म्हणून?"

त्याने गुपचूप चिमटा पेटीतल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला लावला. साडेदहाला बटण दाबले. पेटीतला पंखा जेमतेम दचकला आणि थांबला. तीनदा तेच.

"अर्थिंगचा मूलभूत प्रश्न आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आज काही जमेलसं वाटत नाही. परीक्षा काय, पुन्हा होईल."

"नाही होणार. सरक."

ताईने वायर काढली, स्क्रू सोडवून बोर्ड उचलला. खाली पत्र्यावर, बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणाऱ्या पितळी खुंट्या उभ्या होत्या.

"बोर्डाला भोकं सहा. खुंट्या सात कशाला, रे?"

"मजबुतीसाठी."

भोक नसलेल्या जागची ती खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकून वीज थेट पत्र्यात सोडत होती. काल ती बसवताना त्याला शंका आली होती. त्याने ती मजबुतीच्या नावावर खपवली होती.

ताईने खुंटी काढली, बोर्ड बसवला, बटण दाबले. पंखा फिरू लागला.

"आता बाहेर जा. आणि दार लाव."

त्याने दार लावले, पुरते नाही. फटीतून ताई दिसत होती. पहिला प्रश्न वाचून ती स्वतःशीच हसली, बाह्या सारून पुढे सरकली. तिला कुणी भुलवले नव्हते. ताईला जायचेच होते.