गिअर कुठे होता?

दहा महिन्यांपूर्वी आलेल्या एका पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

निवृत्तीनंतर एकदा तरी हातांनी काही करून पाहावं म्हणून त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुना ट्रॅक्टर घेतला होता. क्रेनने तो घरामागच्या शेडमध्ये उतरवला आणि पंधरवड्यात हे पत्र आलं. भंगारवाल्याकडून पत्ता मिळवून एका अनोळखी बाईने लिहिलं होतं. तिचे वडील याच ट्रॅक्टरपुढे उभे राहून इंजिन सुरू करायला हँडल मारत होते. भाऊ सीटवर होता. इंजिनाने पेट घेतला, ट्रॅक्टर पुढे झेपावला, आणि भावाचा पाय क्लचवर जाईपर्यंत वडील भिंतीशी चिरडले गेले होते. मी न्यूट्रल केलं होतं, असं भाऊ सांगत राहिला. कुणाला ते पटलं नाही.

‘आता त्याचाही स्वतःवर विश्वास उरलेला नाही,’ तिने लिहिलं होतं. ‘अन्नावरची वासना गेली आहे. न सांगता निघून जातो, दोन-दोन दिवस येत नाही. मला भीती वाटते. ट्रॅक्टर तुमच्याकडे आला तेव्हा गिअर कुठे होता, एवढंच कळवा.’

ग्रंथपालांनी तेव्हाच जाऊन पाहिलं होतं. दांडा न्यूट्रलला होता. पण मधल्या काळात भंगारवाल्याच्या माणसांनी तो हलवला नसेल कशावरून? ग्रंथालयात एखादं पुस्तक कुठल्या कपाटात लावावं अशी शंका आली, की ते बाजूला ठेवत. पत्रही तसंच बाजूला ठेवलं. उत्तराचे सात खर्डे खणात साठले, आणि प्रत्येक खर्डा ‘खात्रीने सांगता येत नाही’ इथे येऊन अडला. असं वाक्य त्या मुलाच्या हाती कसं द्यायचं?

दरम्यान माहितीपुस्तक शेजारी उघडं ठेवून त्यांनी इंजिनाचा पसारा मांडला, घासूनपुसून पुन्हा जोडला. गिअरबॉक्स मात्र उघडली नाही. तक्रार नसल्यास उघडू नये, असं पुस्तकात होतं. “बंद पडलेला ट्रॅक्टर तक्रार करणार तरी कशी?” बायको म्हणायची.

आज इंजिन सुरू करायचं होतं. मेहुणे मुद्दाम आले होते. तीस वर्षं बसगाड्यांचे मेकॅनिक म्हणून राबलेला माणूस. ते सीटवर चढले, दांडा डावी-उजवीकडे खुळखुळवला आणि न्यूट्रल असल्याचं सांगून मोकळे झाले.

ग्रंथपालांनी पुढे जाऊन हँडल बसवलं. पाठीमागे दोन हातांवर शेडची भिंत होती. तिचा गारवा शर्टातून पाठीला जाणवतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी हँडल सोडलं.

आधी मागचं एक चाक जॅकवर उचलू या, ते म्हणाले. डिझेल बंद ठेवून नुसतं फिरवून बघू.

“दाजी, पुस्तकं वाचून माणूस भित्रा होतो ऐकलं होतं,” मेहुणे हसत म्हणाले, “आज पाहिलं.” तरी उतरून त्यांनी जॅक लावला.

ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी हँडल रेटलं. एक फेरा. दुसरा. इंजिन नुसतंच सुस्कारलं.

“अहो,” चाकाजवळ उभी असलेली बायको हळूच म्हणाली, “हे फिरतंय.”

उचललेलं चाक सावकाश पुढे सरकत होतं. मेहुण्यांनी पुन्हा दांडा हलवून पाहिला. तो मोकळाच होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

झाकण काढायला तासभर गेला. आत गिअर सरकवणाऱ्या चिमट्याची खाच झिजून गुळगुळीत झाली होती. दांडा तिच्यातून निसटून एकटाच न्यूट्रलला यायचा. गिअर मात्र जिथल्या तिथे पकडलेला राहायचा. अपघाताच्या दिवसापासून तो तसाच होता.

“मीही न्यूट्रलच म्हटलं होतं,” मेहुणे म्हणाले. “पोरगं काय करणार?”

ग्रंथपाल झाकणाकडे पाहत राहिले. हे दहा महिन्यांपूर्वीच उघडता आलं असतं. दहा महिन्यांत किती वेळा निघून गेला असेल तो? प्रत्येक वेळी परत आला असेल?

आठवा खर्डा लिहायला पाच मिनिटं लागली. ‘तुमच्या भावाने न्यूट्रल केलं होतं. गिअर आत अडकला होता. वरून कुणालाही कळलं नसतं. उशीर केला, हा दोष माझा.’ मग त्यांनी कागद मेहुण्यांपुढे सरकवला. मेहुण्यांनी हात पुसून खाली लिहिलं: ‘मी तीस वर्षं मेकॅनिक होतो. मीही फसलो.’ सही केली. कडेला काळा अंगठा उमटला, तो तसाच राहू दिला.

पत्रावर फोन नंबर नव्हता, नुसता पत्ता. पोस्टातल्या कारकुनाने पाकीट तोललं आणि पोचायला तीन दिवस लागतील म्हणाला. त्याहून लवकर नाही का जात, असं ग्रंथपालांनी दोनदा विचारलं. कारकुनाने नकारार्थी मान हलवली, तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.