दारात उभं राहून ऐकलेली शिकवणी

प्रमोदिनीबाईंनी लाकडी पट्टी टेबलावर आपटली आणि त्या म्हणाल्या, "मिस्टेक."

समोर खुर्चीत बसलेल्या रेणुकादास सरांचे ओठ हलले. आधी नुसती हवा आली, मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला.

"मेक... अ... मिस्टेक."

"होमवर्क."

"डू... होमवर्क."

"बाथ."

"टेक अ बाथ." हे मात्र सर झटक्यात म्हणाले.

त्यांचा मुलगा गंधार दिवाणावर बसून बघत होता. सकाळीच तो पुण्याहून नांदेडला आला होता आणि त्याची बॅग अजून पायाशी तशीच होती. आईबाबांना घेऊन उद्याच्या गाडीने परत जायचं, असं ठरवूनच तो आला होता. तीन तिकिटं काढलेली होती.

दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि मराठी तर पार पुसली गेली. पाणी म्हणता येईना, भूक म्हणता येईना, बायकोचं नावही येईना. पाठ असलेलं आधी परत येतं, आरत्या म्हणून बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने सगळ्या आरत्या म्हणून बघितल्या. पण आरतीच्या वेळी जो माणूस कायम शिकवणीत अडकलेला, त्याला त्या कुठून यायच्या? मग एकदा टेबल पुसता पुसता तिच्या तोंडून सहज 'होमवर्क' निघालं आणि मागून आवाज आला, 'डू.'

याच बैठकीच्या खोलीत सरांनी मुखेड-किनवटकडच्या पोरांना जन्मभर इंग्रजी शिकवलं. सरांनी एखादा शब्द म्हणायचा, वर्गाने त्याला क्रियापद जोडून नाहीतर पुरं वाक्य करून ओरडायचं. उत्तर चुकलं की उभं राहायचं. बरोबर आलं की सर म्हणत, 'यू मे सिट डाऊन', आणि पोरगं 'थँक यू, सर' म्हणून टेकायचं. गंधारही त्याच वर्गात वाढला. घरचा म्हणून त्याला सूट नव्हती, उलट जरा जास्तच उभं राहावं लागे. आणि आई? आई स्वयंपाकघराच्या दारात, कधी भाजी निवडत, कधी कणीक मळलेल्या हातांनी उभी असायची. ती ऐकतेय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मस्ट," आई म्हणाली.

"वुई मस्ट... ओबे... अवर एल्डर्स."

"ए खिडकीजवळच्या, बाहेर काय बघून राहिलास? इकडं बघ."

गंधारने दचकून खिडकीकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"हे काय मधेच?"

"मस्ट झालं की ते कुणालातरी असंच रागवायचे. ते गाळलं की त्यांना पुढचं येत नाही."

बाबा अर्ध्या ओठाने हसले. गंधारलाही हसू आवरेना. ऑफिसात तो वीस माणसांकडून काम करून घ्यायचा, पण अशी चिकाटी त्याने कुणात पाहिली नव्हती. आईचं त्याला फार कौतुक वाटलं, आणि त्यामुळेच पुढचं बोलणं जड गेलं.

"आई, तू म्हणतेस आणि ते पोपटासारखं पुरं करतात. पण त्यांच्या मनातलं असं एक तरी बोललेत का?"

आईने पट्टी पदराला पुसली.

"नाही."

"म्हणून म्हणतो, पुण्याला चला. तिथं झटक्यानंतर बोलायला शिकवणाऱ्या चांगल्या बाई आहेत."

"येईन की. मी कुठं नाही म्हणून राहिले? पण एक शब्द जरी त्यांच्या मनचा आला, तर मी इथून हलणार नाही. त्यांची जुनी शिकवणीची पोरं येऊन बोलतं करतील त्यांना. आजचा दिवस घेऊ दे मला."

"घे. पण बसून तरी घे. पाय बघ किती सुजलेत."

"बसलं की आठवत नाही रे. सगळं उभ्यानंच ऐकलंय."

ती पुन्हा टेबलापाशी गेली. डावी टाच उचलून तिने भार उजव्या पायावर घेतला.

"कोल्ड."

बाबांचं लक्ष आईच्या तोंडाकडे नव्हतंच, खाली कुठेतरी होतं.

"कोल्ड," तिने पट्टी आपटली.

"यू..."

"कॅच," आईने हळूच आठवण करून दिली.

बाबांनी मान हलवली. डावा हात कसाबसा उचलून त्यांनी टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे केला.

"यू... मे... सिट डाऊन."

"हे कोल्डचं उत्तर नाही. परत. कोल्ड."

"यू मे सिट डाऊन." या वेळी आवाज चढला, अगदी वर्गातल्यासारखा. नजर आईच्या पायांवरच होती.

गंधार उठला आणि त्याने खुर्ची आईच्या मागे सरकवली. आईने खुर्चीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पट्टी तिच्या हातातून टेबलावर निसटली. पदर सारखा करून ती बसली आणि म्हणाली,

"थँक यू, सर."

गंधारने बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बाहेर आई पुन्हा सुरुवात करत होती, बसूनच.

"कोल्ड."

"कॅच... अ... कोल्ड."