चाळीस लिफाफ्यांतला एकच माणूस

छापखान्याच्या गोदामात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कागदाच्या गठ्ठ्यांवर माणसं चढून बसली होती. बांधणीच्या बायका हातातली खळ तशीच वाळू देऊन दाराशी उभ्या होत्या. एरवी मशीन पाच मिनिटं थांबलं तर मालकांशी भांडणारे मशीनवाले मामा आज स्वतःच खटका पाडून आले होते. कारण काय, तर अंतर्दर्शी गुरुजी आले होते. माणसाचं खरं स्वरूप ओळखणारे!

गुरुजींची तऱ्हा अशी. पुढ्यात आरसा. त्यावर तुम्ही फुंकर मारायची. वाफ धरली की गुरुजी डोळे मिटणार, "दिसलात! दिसलात!" म्हणून पुटपुटणार आणि पडद्याआड जाऊन दोन मिनिटांत बंद लिफाफा घेऊन येणार. आत पानभर हस्तलिखित.

"आरसा तोंड दाखवतो, मी माणूस दाखवतो!" गुरुजी गरजले. "पण खबरदार! कागद दुसऱ्याला दाखवलात तर स्वरूप रुसेल. सात वर्षं परतायचं नाही!"

"मग सात वर्षं ते राहणार कुठे?" काकपदबाईंनी शेजारणीला विचारलं. शेजारीण हसली नाही. तिला लिफाफा मिळाला होता आणि ती डोळे पुसत होती.

काकपदबाई म्हणजे इथल्या जुन्या मुद्रितशोधक. ओळीत सुटलेला शब्द घालायची खूण ती काकपद. दुसऱ्यांचे सुटलेले शब्द शोधण्यात वीस वर्षं गेली, तेव्हा हे नाव चिकटलं. बाईंनीही आरशावर फुंकर मारली होती. खोटं कशाला बोला, लिफाफ्यातलं दुसरंच वाक्य वाचून त्यांनीही पदर डोळ्यांना लावला होता. 'तुम्ही इतरांसाठी खूप केलंत, पण तुमचं मोल कुणाला कळलं नाही.' अगं बाई, याला कसं कळलं!

पण डोळे पुसून त्यांनी पान पुन्हा पाहिलं, यावेळी धंद्याच्या नजरेने, आणि त्या चपापल्या. पानावर एकही खाडाखोड नव्हती. मोठमोठ्या पंडितांची बाडं त्यांच्या हाताखालून गेलेली. विचार करून लिहिणारा माणूस खोडतो, अडतो, समासात घुसतो. इतकं स्वच्छ पान म्हणजे उतरवून काढलेलं पान. आणि दोन मिनिटांत?

तेवढ्यात धाकटी आली. धाकटी म्हणजे बाईंची नणंद, त्याच खोलीत त्यांच्या जोडीला बसणारी. मालकांनी तिला शाळेच्या नव्या शब्दकोशाच्या कामाची प्रमुख व्हायला सांगितलं होतं. अशी संधी बाईंना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

"वहिनी, मी मालकांना नाही म्हणून सांगणार आहे."

"का गं? काल तर नाचत होतीस!"

"यात लिहिलंय." तिने लिफाफा छातीशी धरला. "माझं आतलं भ्यालेलं माणूस त्यांनी ओळखलंय. मी त्या खुर्चीतली नाही, वहिनी. सगळ्यांसमोर तोंडघशी पडण्यापेक्षा आत्ताच मागे सरलेलं बरं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही पोर मोठमोठ्यांच्या चुका पकडते आणि एका फुंकरीवर स्वतःला मोडीत काढते?

"गुरुजींच्या साक्षीनेच विचारतो," मालक पुढून म्हणाले. "काय धाकटे, घेतेस ना काम?"

धाकटीने तोंड उघडायच्या आत बाई उठल्या. "तिच्याआधी मी बोलते, मालक. मी माझा कागद मोठ्याने वाचणार आहे."

"थांबा!" गुरुजी ओरडले. "स्वरूप रुसेल!"

"रुसू दे. वीस वर्षं माझ्यावर सगळेच रुसतात. धाकटे, आपल्या खोलीत कसं वाचतो आपण?"

"एक मोठ्याने वाचते," धाकटी पुटपुटली, "दुसरी आपल्या प्रतीवर बोट ठेवते. फरक आला की थांब म्हणते."

"सगळ्यांनी तेच करा. आपापला कागद काढा. कुणाला दाखवू नका, नुसतं बोट ठेवा. जिथे फरक येईल तिथे मला थांबवा."

लोक चुळबुळले. मग मामांनी खिशातून घडी काढली, आणि मागोमाग सगळीकडे कागद फडफडले.

बाई खणखणीत वाचू लागल्या. "तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आत मन हळवं आहे." बोटं पुढे सरकली. "तुम्ही इतरांसाठी खूप केलंत, पण तुमचं मोल कुणाला कळलं नाही." मामांनी मान वर करून आजूबाजूला पाहिलं. "मोठी जबाबदारी आली, की हे आपल्याला जमेल का, ही शंका तुम्हाला आतून खाते."

धाकटीचं बोट नेमकं त्याच ओळीवर होतं. ती थांब म्हणाली नाही. गोदामात कुणीच म्हणालं नाही. मालकांच्या हातातही कागद होता, आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"अहो, हे माझंच आहे!" मामा ओरडले.

"आणि माझंही!" बांधणीवाली म्हणाली.

गुरुजी उभे राहिले. "मूढांनो! आत्मा एकच, म्हणून स्वरूपही एकच!"

"मग चाळीस वेळा डोळे कशाला मिटलेत?" बाई कडाडल्या. "एकदाच मिटायचे होते!"

असा हशा पिकला म्हणता! मामांनी पडदा ओढला. मागे पिशवीत लिफाफ्यांची चळत, मजकूर आधीच उतरवलेला, वर फक्त नावाची जागा कोरी. गुरुजींनी आरसा काखेत मारला आणि काढता पाय घेतला.

"पण वहिनी," धाकटी कळवळून म्हणाली, "मला भीती वाटते हे तर खरंच आहे ना?"

"खरंच आहे. मलाही वाटते, मामांनाही, मालकांनाही. त्याने सगळ्यांना बसेल असा सदरा शिवला आणि आपल्या आठवणींनी आपणच तो भरला. जे जुळलं ते लक्षात ठेवलं, जे नाही जुळलं ते सोडून दिलं. भीती हे काही तुझं एकटीचं स्वरूप नव्हे. ती असताना तू काय करतेस, त्यावरून तू कोण ते कळेल. आणि ते करून बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, तुलासुद्धा."

धाकटी मालकांकडे वळली. "मला भीती वाटतेय, मालक. पण काम मी घेते."

तेव्हा मंडळी, तुम्ही कोण हे सांगायला उद्या कुणी दारात आला, तर त्याला खुशाल बसवा, पाणी द्या आणि एकच विचारा: यातलं कोणतं वाक्य माझ्या शेजाऱ्याला लागू पडत नाही? उत्तर नसेल तर त्याला वाटेला लावा. स्वतःला ओळखायला वेळ लागतो, चुकावं लागतं, आपल्या माणसांना विचारावं लागतं. ते काम परक्याला देऊ नका.

धाकटीला आठ महिने लागले. भीती शेवटच्या पानापर्यंत होती, आणि कोश वेळेवर छापून बाहेर पडला.