शेळीमार्फत निरोप

कौशल्याबाईला बोलायला शेळी लागायची. तशी ती बाई मुकी नव्हती. आंबागडाखालच्या त्या गावात तिच्याइतकं कोणीच बोलत नसेल. पण शेजारच्या सत्यभामाबाईला काही ऐकवायचं झालं, की ती आधी आपल्या गेंदी शेळीला कुंपणापाशी आणायची आणि शेळीशी बोलायची. पलीकडून सत्यभामाबाईचं उत्तर यायचं, तेही आपल्या लाल कोंबडीला. दोघींचा अबोला होता. देशातली आणीबाणी उठून वर्ष होत आलं, तरी या दोन आंगणांमधली काही उठायचं नाव घेत नव्हती.

भांडण वालाच्या वेलावरून झालं. वेल सत्यभामाबाईचा. तो कुंपणावर चढला आणि गुमान शेंगा धरायच्या सोडून इकडे डोकावला. गेंदीने त्याचा फडशा पाडला. शेळी मुद्दाम सोडली, असं सत्यभामाबाईचं म्हणणं. वेल आपणहून आमच्या घरी आला, शेळीने काय त्याला पाट मांडायचा होता, असं कौशल्याबाईचं. शेवटी विहिरीवर साऱ्या बायांसमोर कौशल्याबाईने हात वर करून सांगितलं, "मी इच्यासंग पयली बोलली, तर आठ दिवस इच्या आंगणात सडा टाकीन!" सत्यभामाबाईनेही तीच शपथ घेतली. बाया खूश झाल्या. तेव्हापासून फुकटचा सडा कोणाच्या आंगणात पडतो, याकडे सारी आळी डोळे लावून बसली होती.

त्या दिवशी शेजारच्या गावी शंकरपट होता. बैलांची शर्यत म्हटल्यावर घरी पुरुषमाणूस उरतो कशाला? या दोघींचे नवरे, गोमाजी आणि तेजराम, एकाच गाडीत बसून, एकच बिडी आळीपाळीने ओढत सकाळीच गेले होते. त्यांना वालाचं काही नव्हतं.

दुपारी कौशल्याबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. नाकाला वास आला म्हणून तिने मान वर केली, तर सत्यभामाबाईच्या गोठ्यामागे तणसाच्या ढिगाच्या बुडातून धूर निघत होता. चुलीतली राख तिथेच टाकायची बाईला सवय, आणि राखेत निखारा राहिलेला. धानाचं तणस म्हणजे गुरांचा वर्षाचा चारा. गोठ्यात गाय बांधलेली. गोठ्याला लागून कुंपण आणि कुंपणाला लागून कौशल्याबाईचं स्वतःचं घर.

तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आठ दिवस सडा! विहिरीवरची ती ललिताबाई तर बसून बघायला घरून पाट घेऊन येईल. मग तिला आठवलं, शेळी आहे की!

तिने गेंदीला ओढत कुंपणापाशी आणलं. "पाय वो गेंदे," ती मोठ्याने म्हणाली, "काही लोकाइच्या घरी धूर निघून राहिला!"

पलीकडे सत्यभामाबाई गोठ्याकडे पाठ करून लाखोळीची डाळ निवडत होती. सर्दीने नाक चोंदलेलं. तिने वळूनही पाहिलं नाही. "कोंबडे, धूर काही लोकाइच्या पोटातून निघते," ती म्हणाली.

तिची तरी काय चूक? रोज दुपारी हाच कार्यक्रम चालायचा. कालच गेंदीला सांगून झालं होतं, की शेजारच्या चुलीवर भाजी शिजत नाही, नुसती करपते.

"गेंदे, खरंच जळून राहिलं वो! गोठ्याच्या मांगं!"

"कोंबडे, जळणाऱ्याले जळू दे."

"गेंदे, गाय बांधली हाये तिथं!"

"कोंबडे, पायलं? आमच्या गाईवर डोळा हाये इचा. म्हणूनच दूध आटलं."

इथे कौशल्याबाईचं डोकं सटकलं. "गेंदे, दूध आटलं का दुधातलं पाणी वाढलं, ते साऱ्या गावाले ठाऊक हाये!" आग राहिली बाजूला. पुढचा टोमणा जिभेवर येतो न येतो, तोच ढिगातून भपकन जाळ वर आला. गेंदी दावं हिसडून पळाली. आता निरोप न्यायला कोणी उरलंच नाही.

"ये सत्यभामे!" कौशल्याबाई जिवाच्या आकांताने ओरडली. "आग लागली वो! गाय सोड! पयले गाय सोड!"

सत्यभामाबाई ताडकन उठली. चेहरा असा फुललेला, की जणू शंकरपटात तिचीच जोडी जिंकली. "बोलली! पयली तूच बोलली रे बापा!" तिने टाळी वाजवली, साक्षीला कोंबडीकडे पाहिलं, आणि मग तिला समजलं की बाई काय बोलली. मागे वळून पाहिलं आणि ती गोठ्याकडे धावली.

मग काय विचारता! सत्यभामाबाईने गाय सोडली. कौशल्याबाई लुगडं खोचून कुंपण मोडत आत घुसली. रांजण रिकामा केला, आंघोळीचा हंडा ओतला, पेज ओतली, शेवटी कौशल्याबाईने नवऱ्यासाठी, गोमाजीसाठी राखलेली कढीही ढिगावर गेली. ओरडा ऐकून विहिरीवरच्या बाया घागरी घेऊन धावल्या. अर्धं तणस गेलं, अर्धं राहिलं. गोठा वाचला.

दोघी काळ्या तोंडाने चिखलात शेजारी शेजारी बसल्या. आता बोलायला कसली आडकाठी नव्हती.

"कढी होती का वो?" सत्यभामाबाईने विचारलं.

"हो."

तेवढंच बोलणं झालं.

पण शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच, बाया जमायच्या आधी, कौशल्याबाई शेणाची बादली घेऊन दारात आली आणि थबकली. तिचंच आंगण ओलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सडा पडलेला.

मोडलेल्या कुंपणापलीकडे सत्यभामाबाई रिकामी बादली घेऊन, तोंड फिरवून उभी होती. "कोंबडे," ती म्हणाली, "सांग तिले. ती बोलली नसती, तर आज माही गाय नसती."

समोरासमोर भांडता येतं, पण असलं काही तोंडावर कसं बोलायचं? कौशल्याबाईने गेंदीला कान धरून कुंपणापाशी आणलं.

"गेंदे, तिले सांग," डोळे पुसत ती म्हणाली, "सडा लय पातळ झाला. उद्या शेण जास्त टाकजो म्हणा."