जॉकीचं वजन

पाचूबंदरात डॉमनिकला डॉमनिक म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. तरुणपणी तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पळवायचा, म्हणून तो जॉकी, त्याचं घर जॉकीचं घर आणि बायको रोझलीन, जिने उभ्या जन्मात गाढवालाही हात लावला नव्हता, ती जॉकीण. पुढे माणिकपूरच्या दुकानात चड्ड्यांच्या खोक्यावर तो शब्द दिसायला लागला. टीव्हीवर गाणी लावणारी पोरंही स्वतःला जॉकी म्हणवू लागली. डॉमनिक दर वेळी एकच विचारायचा, "नि घोडा कुठं हाय?"

घोडा त्याच्याकडेही नव्हता. रेसमध्ये पडून पाय मोडल्यापासून त्याने लगाम धरला नव्हता. पण जॉकीने हलकं राहायचं असतं, म्हणून तो अजून अर्धी भाकरी खायचा आणि उरलेली मांजराला घालायचा. मांजर हल्ली चालताना मधे मधे बसून घ्यायचं.

त्यातच त्याचा हर्निया बळावला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लवकर करायला हवं. पण या तब्येतीत मी भूल देणार नाही. आधी पन्नास किलो व्हा."

रोझलीन मासळी विकायची. त्या दिवसापासून चांगली सुरमई टोपलीतून परत घरी येऊ लागली. डॉमनिक कालवणाचं तोंडभर कौतुक करायचा, फक्त ते तोंडात घालायचा नाही. पोट धरून तो वाकला की मासळी कापता कापता तिचा हात थांबायचा.

पुढच्या खेपेला मात्र दवाखान्यातला काटा चक्क पन्नासच्या पुढे गेला. रोझलीनने छातीवर क्रूसाची खूण केली.

"वा! काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुरमई," डॉमनिक शांतपणे म्हणाला.

"झोपा, पोट बघतो."

डॉमनिकने पट्टा सैल केला आणि त्याची पॅन्ट धाडकन जमिनीवर आदळली. खिशांतून शिशाच्या गोळ्या सुटल्या, लाद्यांवरून घरंगळत थेट बाहेरच्या पेशंटांपर्यंत गेल्या. दीर प्लासिडची जाळी आठवडाभर पाण्यात तळाला का जात नव्हती, ते रोझलीनला तिथेच कळलं.

"हे काय आहे?"

"शिसं. रेसला जॉकीचं वजन कमी भरलं तर खोगिरात शिसं घालून पुरं करतात. नियमातच हाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी पायाशी आलेली एक गोळी उचलली. "पण भूल मला तुम्हाला द्यायची आहे, शिशाला नाही."

गोळ्या पदरात बांधून रोझलीन बाहेर आली, तेव्हा नवऱ्याला सुनावायची वाक्यं तिच्या जिभेवर रांगेत उभी होती. तेवढ्यात एक रिक्षावाला ओरडला, "काय जॉकी, सोडू का घरी?" डॉमनिकचा उतरलेला चेहरा एकदम उजळला. तिने ते पाहिलं आणि सगळी वाक्यं गिळून टाकली.

"जाडा झालास तर लोक जॉकी म्हनायचे नाहीत, म्हनून खात नाहीस?"

तो चपलेकडे बघत राहिला. "दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"तू रेसला जायचास तेव्हा मी देवळात मेनबत्ती लावायची. कशासाठी, ठाऊक हाय?"

"मी जिंकावं म्हनून."

"घोडा जाऊ दे कुठं जायचा तिथं. तू घरी यावास म्हनून."

"पन मी जिंकायचो."

"तो तुझा आगाऊपना. मी नव्हतं मागितलं."

डॉमनिकला हसू आलं, हसण्याने पोट दुखलं आणि त्याने तिचा दंड धरला. हात किती हलका लागला ते तिच्या लक्षात आलं. ती त्याला तशीच धरून समोरच्या बेकरीत घेऊन गेली. अंड्याचं पॅटिस त्याच्या हातात दिलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कोनी बघतंय का?"

"मी बघतेय," ती म्हणाली, आणि तो दुसरं मागेपर्यंत बघत राहिली.