खराब फिल्मांचा खोका

"मामा, पुरे! आज चेष्टा नको," छोटे डॉक्टर ओरडले. त्यांनी हातमोजे चढवले होते आणि टेबलावरच्या दीड महिन्याच्या पोरीच्या डाव्या बरगड्यांवर औषधही पुसून झालं होतं.

एक्स-रेवाला मामा दारात ओली फिल्म घेऊन उभा. फिल्मचं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत होतं.

"नळी घालू नका. एवढंच म्हणतोय."

आता मामाचं कोण ऐकणार? अख्ख्या दवाखान्यात त्याने गंडवला नाही असा माणूस शिल्लक नव्हता. गेल्याच महिन्यात त्याने शिपायाच्या पोटाच्या फिल्मला मागून सेफ्टी पिन चिकटवली आणि याच डॉक्टरांना दाखवली. डॉक्टर 'पिन गिळली, पिन गिळली' करत सर्जनच्या खोलीपर्यंत धावले. आठवडाभर सगळे पोट धरून हसत होते. डॉक्टर सोडून.

आज मात्र कुणी हसत नव्हतं. पोरीची छाती भात्यासारखी चालली होती, ओठ शाईत बुडवल्यासारखे. भिंतीला टेकलेली तिची आई हातातला एवढासा मोजा पिळत होती.

"डावी बाजू काळीकुट्ट, हृदय उजवीकडे ढकललंय," डॉक्टर नर्सला म्हणाले. "फुप्फुस फुटून हवा बाहेर साचलीय. नळीने काढली नाही तर संपलं."

"हवा बाहेर नाही हो, आतच आहे! काळ्यात बारीक रेघा आहेत, बघा तरी."

"ओली फिल्म आहे. पाण्याचे ओघळ असतील. तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

मामा दारातून हलला नाही. कारण हा काळा रंग त्याच्या ओळखीचा होता.

वीस दिवसांपूर्वी हीच पोरगी धाप लागते म्हणून आली होती. तेव्हाही डावी बाजू काळी आली. लहान पोर वळलं की एक बाजू काळी येते, हे मामाला तीस वर्षं पाठ. त्याने ती फिल्म खराब फिल्मांच्या खोक्यात फेकली, पोरीला सरळ केलं, मशीनचा आकडा कमी केला आणि दुसरी काढली. ती आली फिकी, गोजिरी. "फ्रेम करून लावा," म्हणत त्याने ती आईच्या हातात दिली. डॉक्टरांना त्यात काही दिसलं नाही. खोकल्याचं औषध घेऊन पोरगी घरी गेली.

पहिली फिल्म कुणालाच माहीत नव्हती. उद्या महिन्याचा शेवटचा शनिवार. खराब फिल्मा घेऊन जाणारा येणार, खोका रिकामा होणार. गप्प बसलं की झालं.

डॉक्टरांनी सुरी उचलली.

"दोन मिनिटं थांबा! पिनेची शपथ!" असं काहीतरीच ओरडून मामा पळाला. डार्करूमचा खोका त्याने उपडा केला. गुडघे, पाठी, कवट्या जमिनीभर पसरल्या. त्यातून एवढीशी छाती उचलून तो धापा टाकत परत आला आणि दोन्ही फिल्मा त्याने दिव्यावर शेजारी शेजारी लावल्या.

"ही वीस दिवसांपूर्वीची. माझ्याच हातची. पोरगी वळलीय असं वाटलं, फेकली. तुम्हाला दुसरी दिली. फुप्फुस तेव्हाच फुटलं असतं तर ही वीस दिवस घरी राहिली असती का?"

डॉक्टर दिव्याला नाक लावून बघत राहिले. जुन्या कोरड्या फिल्मवर रेघा होत्या. केसासारख्या, पार बरगडीपर्यंत. ओघळ नव्हते ते.

त्यांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली.

मग सर्जनना फोन लावून दोन्ही फिल्मांत काय दिसतंय ते सांगितलं. सर्जन म्हणाले, "नळी घातली नाहीस ना? ती फुप्फुसातच घुसली असती. लाखात एखाद्या पोराला जन्मापासून असतं हे. फुप्फुसाच्या वरच्या भागाची श्वासनळी कच्ची. हवा आत जाते, बाहेर निघत नाही. तो भाग फुगतो आणि बाकी सगळ्याला चेपतो. तेवढा तुकडा कापून काढावा लागेल. ऑक्सिजन लावून ऑपरेशनला पाठव. पिशवी दाबून श्वास देऊ नकोस, आणखी फुगेल."

स्ट्रेचर हलताना आई मामासमोर थांबली.

"तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

कुठल्याही प्रश्नाला मामाकडे जिभेवर उत्तर तयार असे.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, फोटोच चुकला."

ती स्ट्रेचरमागे गेली.

दोन महिन्यांनी तपासणीच्या फिल्मसाठी पोरगी आली. डाव्या काखेखाली गुलाबी वण, गाल भरलेले, रडणं दणदणीत. पोरांना रमवायला नेहमी काढायचा तो कावळ्याचा आवाज मामाने काढला नाही, खुळखुळाही वाजवला नाही. तिच्या पोटाकडे टक लावून बसला, श्वास आत गेला तसं बटण दाबलं.

डार्करूमच्या लाल उजेडात फिल्मवर छाती हळूहळू उमटली. कापलेल्या तुकड्याची जागा उरलेल्या फुप्फुसाने पसरून भरली होती. पण पोरगी जरा वळलेली. डावी बाजू किंचित काळी.

त्याचा हात सवयीने खोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्याने दुसरी काढली. दोन्ही वाळवल्या, एकाच पाकिटात घातल्या.

"एकीत वळली होती," तो म्हणाला. "तरी दोन्ही दाखवा. वळल्यामुळेच आहे का, ते डॉक्टर सांगतील."

आईने पाकीट घेतलं. दाराशी जाऊन थांबली, पोरीला खांद्यावर सावरलं आणि एका हाताने पाकीट उघडून आत बघितलं.

दोन होत्या. मग ती गेली.